दोघांपुरती येळवस

आरिफ तुळजापुरात एका शाळेत क्लार्क होता. त्यामुळं सुट्ट्यांची यादी आपल्याइतकी बारकाईनं जिल्ह्यात दुसरं कुणी वाचत नाही, असा त्याचा पक्का समज होता. त्या यादीवर बोट ठेवून एक दिवस त्यानं बायकोला सांगून टाकलं, "हे बघ, एकोणीस तारीख. येळवस. त्या दिवशी तुला तळ्याकाठी नेतो. तू आन् मी. तिसरं माणूस दिसलं तर माझं नाव बदल."

आता एवढी छाती पुढं काढायला कारणही तसंच होतं. लग्नाला चौदा महिने झाले होते. तबस्सुमला सोलापूरच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती, पहिल्या तारखेला रुजू व्हायचं होतं. ती म्हणत होती, सोलापुरात खोली घेऊ. हा म्हणत होता, तू एसटीनं ये-जा कर, घर कशाला सोडायचं? घर सोडणं म्हणजे अम्मीच्या हातचा सकाळचा चहा सोडणं. आठवडाभर वाद चालला. शेवटी तबस्सुमनं हिशेब एका वाक्यात मिटवला.

"या घरात नऊ माणसं. आल्यापासून आपण दोघांनीच बसून एक घास खाल्लेला मला आठवत न्हाय. एकच जेवण, फक्त दोघांचं, करून दाखवा. मी जन्मभर एसटीनं ये-जा करते. न्हाय जमलं तर सोलापूर."

आरिफला हसू आलं. एवढंच ना? त्याचं डोकं लगेच कामाला लागलं. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आपल्याकडं घराला कुलूप लागतं आणि अख्खं गाव शेतात जातं. कडब्याची कोप म्हणजे खोपटं करायचं, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची, आणि मग भाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर नि मडकंभर आंबील यांचा फडशा पाडायचा. गावात चिटपाखरू राहत नाही. सगळा जिल्हा शेतात, तर तळ्यावर कोण? कुणी नाही. जळकोटच्या अलीकडं महामार्ग सोडून आत गेलं की एक पाझर तलाव लागतो. सासुरवाडीला जाता-येता आरिफनं तो हेरून ठेवला होता.

गणित बरोबर होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. फक्त दोन गोष्टी धरायच्या राहिल्या होत्या. तळ्याचा रस्ता शेतांमधूनच जातो, ही एक. आणि येळवशीला शेताजवळून जाणाऱ्या माणसाला जेवल्याशिवाय पुढं जाऊ देत नाहीत, ही दुसरी. आता हे आरिफला ठाऊक नव्हतं असं नाही. पण दरवर्षी तो एका मित्राच्या शेतात जायचा, खायचा, झाडाखाली झोपायचा आणि परत यायचा. येळवशीला रस्त्यानं कधी गेलाच नव्हता.

डब्यात बिर्याणी असावी अशी त्याची फर्माईश होती. तबस्सुम म्हणाली, "येळवशीला बिर्याणी? कुणी बसलं जेवायला तर?"

"कोण बसतंय?"

तिनं बघारे बैंगन केले, ज्वारीच्या भाकरी केल्या, शेंगाची चटणी आणि दही घेतलं. चार पुडांच्या डब्यातले तीन भरले. चौथा, सगळ्यात वरचा, तिनं आत खोलीत जाऊन भरला आणि वर दोरा गुंडाळला. त्यात काय आहे म्हणून विचारलं, तर म्हणाली, पैजेचा निकाल लागला की उघडायचा. आरिफनं तो पुड कानाशी धरून हलवला. रस्सा नव्हता. काही तरी हलकं इकडून तिकडं गेलं नि टुक करून थांबलं. खारीक? सुकं अंजीर? एवढंसं अंजीर एवढ्या मोठ्या पुडात कशाला? त्याला काही उमजेना.

निघायच्या वेळी त्याची आई, बेगमबी, पायात चपला घालून दारात उभी. तळं बघून लई वर्षं झाली, मलाबी घेऊन चल, असं तिचं म्हणणं. मोटारसायकलवर तिघं बसत नाहीत, हे तिला पटवता पटवता दहा वाजले.

महामार्ग सोडून गाडी कच्च्या रस्त्याला लागली आणि पाचव्या मिनिटाला एक माणूस दोन्ही हात पसरून मधोमध उभा राहिला. कडेच्या शेताचा मालक बंडप्पा. त्यानं आधी तबस्सुमकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "आरं, ही तर आयुब टेलरची लेक!"

इथं आरिफच्या पहिल्यांदा ध्यानात आलं की आपलं तळं निवडायचं जरा चुकलंच. तबस्सुमचे वडील आयुबभाई जळकोटचे शिंपी. त्यांच्या फितीत अंग मोजून घेतलं नाही असा गडी त्या शिवारात सापडायचा नाही. आणि टेलरचा जावई शेतावरून उपाशी गेला, तर बंडप्पानं गावात तोंड कुठं दाखवायचं?

आरिफनं डोकं चालवलं. चेहरा शक्य तेवढा पवित्र केला आणि म्हणाला, "बंडप्पा, बसलो असतो हो. पण आज रोजा हाय माझा."

बंडप्पानं त्याच्याकडं निरखून पाहिलं. "कसला रोजा? रमजानला दोन महिने हायती अजून. आन् तुमचा सासरा तिकडं शंकरप्पाच्या शेतात दुसऱ्यांदा आंबील पितोय."

तबस्सुमनं पदराआड तोंड लपवलं. ती खोकत होती की हसत होती, ते आरिफला गाडीवरून कळलं नाही. गाडी बाजूला लागली. बंडप्पाची बायको पानाकडं बघायची नाही, माणसाकडंही बघायची नाही, नुसती वाढत जायची. बंडप्पा अंगातला सदरा दाखवत होता. बारा वर्षं झाली तरी आयुब टेलरची एक शिवण उसवली नव्हती, आणि प्रत्येक शिवणीमागं एक उंडा असा त्याचा आग्रह होता. तीन पेले आंबील पिऊन आरिफ उठला. अजून हरकत नाही, त्यानं स्वतःला समजावलं, इथं आपण पाहुणे म्हणून जेवलो, हे दोघांचं जेवण नव्हेच, तेव्हा पैज शाबूत आहे.

पण बांधापलीकडं तारामती उभी होती. तिचा आणि बंडप्पाचा त्या बांधावरून सात वर्षं वाद चालला होता, आणि तिनं सगळं मोजलं होतं. पाहुण्यांनी तिकडं तीन पेले घेतले, तर इकडं चार घ्यायचे, नाहीतर बांध बंडप्पाचा ठरतो, असंच काहीसं तिचं म्हणणं होतं. आरिफनं चार पेले घेतले. खीरही घेतली. तिच्या भज्जीत चिंच अंमळ जास्त होती, तरी ती फक्कड झाली म्हणून त्यानं बांधाच्या दोन्ही बाजूंना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मग बंडप्पा तिकडून खाकरला, म्हणून त्याच्या उंड्यांचंही कौतुक करावं लागलं. आरिफनं पट्टा एका भोकानं सैल केला. डबा गाडीला तसाच लटकत होता, आणि वरच्या पुडात काय आहे हा किडा त्याचं डोकं पोखरत होता.

तिसऱ्या, शंकरप्पाच्या शेतात आयुबभाई स्वतः बसले होते. जावयाला पाहून त्यांनी हातातला पेला खाली ठेवला.

"तुळजापूरहून इथवर आलात, आन् घरी सांगावाही न्हाय?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, वाईट वाटलं होतं, आणि त्यानंच आरिफला जास्त लाज वाटली. काय सांगणार? तुमच्या लेकीला सोलापूरला जाऊ न देण्यासाठी चोरून तळ्यावर चाललोय म्हणून? तबस्सुमच पुढं झाली. हे मला फिरायला नेतायत अब्बा, ती म्हणाली, आणि ते तिनं अशा काही आवाजात सांगितलं की आयुबभाईंचा चेहरा सैल झाला. मग मात्र त्यांनी जावयाला शेजारी बसवून घेतलं. सासरा समोर पान धरून बसलेला असताना नाही कसं म्हणायचं? आरिफ जेवला. तो उठल्यावर आयुबभाईंनी शिंप्याच्या नजरेनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हळूच सांगितलं की जावई, विजार घेऊन दुकानावर या, कंबरेत दोन इंच सोडायला लागतील.

चार वाजता ते तळ्यावर पोचले.

तळ्यावर कुणीही नव्हतं. काठावर बाभळी, पाण्यावर ऊन, आणि दूरवर एक बगळा. आरिफनं चारी दिशांना पाहिलं. गणित बरोबर आलं होतं! त्यानं चादर अंथरली, खाली बसताना कण्हला, आणि डबा उघडला. पोटात मोहरी ठेवायला जागा नव्हती. पण पैजेत पोटभर खायचं असं कुठं ठरलं होतं? एक घास पुरेसा होता. त्या एका घासावर घर राहणार होतं, अम्मीचा चहा राहणार होता, सगळं जिथल्या तिथं राहणार होतं. त्यानं भाकरीचा तुकडा मोडून वांग्याला लावला. तबस्सुमनंही घास उचलला. ती त्याच्याकडंच बघत होती.

तेवढ्यात घंटा वाजल्या. बांधावरून मेंढरं चालली होती आणि त्यांच्या मागं खांद्यावर काठी टाकून सिदू धनगर. दोघं जेवायला बसलेत हे पाहून तो बिचारा मान खाली घालून, जरा लांबूनच चालला होता. आणखी वीस पावलं टाकली असती तर तो बाभळीआड गेला असता.

"ओ दादा, असं कसं चाललात? या की जेवायला. येळवस हाय."

कोण बोललं म्हणून आरिफनं मागं वळून पाहिलं. मागं बगळा होता. बोलला होता तो स्वतःच. सकाळपासून तीन शेतांत तेच तेच ऐकून ते शब्द त्याच्या तोंडात बसले होते, आणि माणूस दिसताच आपले आपण बाहेर पडले होते. हातातला घास हातातच राहिला.

सिदू आला, हात धुऊन बसला, आणि असा जेवला की बघत राहावं. भाकरीमागून भाकरी गेली. पाणी पिऊन तो म्हणाला, "आमचा मेंढरांचा वाडा लांब, शेत तर न्हायच. येळवशीला कुनी ना कुनी हाक मारतंच. आज दुपार टळली, तवा म्हनलं, यंदा काय आपलं न्हाय."

यावर आरिफला रागावताही येईना. पैज हरल्याचं दुःख करावं, तर समोर तृप्त झालेला माणूस बसलेला. तबस्सुम खाली बघून शेवटची भाकरी सिदूच्या पानात ठेवत होती.

"ह्यात गोड हाय व्हय?" सिदूनं वरच्या पुडाकडं बोट केलं.

"उघडा," आरिफ म्हणाला. "मलाबी बघायचंय."

सिदूनं दोरा सोडला, झाकण काढलं आणि त्याचा चेहरा पडला. आत घडी घातलेला एक कागद होता आणि एक पेन. आरिफनं कागद उलगडला. एसटीच्या मासिक पासाचा फॉर्म. सोलापूर ते तुळजापूर. नाव, पत्ता, वय, सगळं तबस्सुमच्या टपोऱ्या अक्षरात भरलेलं. पण नाव तिचं नव्हतं. नाव आरिफचं होतं, फोटोही त्याचाच चिकटवलेला. सही तेवढी बाकी होती.

"म्हणजे तुला आधीच ठाऊक होतं?"

"आयुब टेलरची लेक हाय मी," तबस्सुम म्हणाली. "माप घेतल्याशिवाय कात्री लावत न्हाय."

आरिफनं डब्याच्या झाकणावर कागद ठेवून सही केली. बैंगनाच्या तेलानं पेन दोनदा निसटलं. कसली सही म्हणून सिदूनं विचारलं, तर तबस्सुमनं सांगितलं, जेवण पोचल्याची.

पहिल्या तारखेला सोलापूरची खोली लागली. बेगमबीनं चहाची पूड, आलं आणि चार सूचना बांधून दिल्या. पहिल्याच रविवारी दुपारी दोघं जेवायला बसली. दोन ताटं, दोन माणसं, घरात तिसरं कुणी नाही. दार वाऱ्याला उघडं होतं आणि जिन्यावरून घरमालक वर चालले होते. पाहताक्षणी आरिफनं स्वतःच्या तोंडावर हात गच्च दाबून धरला.

"ओ काका," तबस्सुम म्हणाली, "असं कसं चाललात? या की जेवायला."

काका आले. त्यांच्या मागून काकूही आल्या.