करंजमाळची चोरीची पाळी

खरं तर कल्याण हे लिहून ठेवणारच नव्हता. लिहिलं की नोंद होते, आणि नोंद झाली की काय होतं ते त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. पण गप्प राहून पोट फुगायला लागलं, म्हणून लिहिलं.

तर, पाथर्डी तालुक्यातल्या करंजमाळ गावात सात वर्षं एकही गुन्हा घडला नव्हता. बाब गंभीर होती.

गावाला एक पोलीस चौकी. पत्र्याची खोली, एक टेबल, एक भिमाजी हवालदार. हवालदार सकाळी दारातल्या वांग्यांना पाणी घालायचे, मग खुर्ची टाकून बसायचे. एवढ्यानंच चोर येत नव्हते. चौकी नव्हती तेव्हा दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला गेलं की मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी चोर पाहुण्यासारखे येऊन जायचे. भिमाबाईचा डावा कान तेव्हाचाच फाटलेला. सोन्याचं फूल ओढून नेलं होतं. तिचा पोरगा प्रवीण म्हणजे कल्याणचा शाळेपासूनचा दोस्त. चौकी आल्यापासून तो बायकोला घेऊन निर्धास्त उसाला जायचा.

ऑगस्टात वरून पत्र आलं. कल्याण ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर असतो. हवालदारांना टायपिंग जमत नाही, त्यामुळं चौकीचे फॉर्मही तोच भरतो. पत्रात लिहिलं होतं, 'सार्वजनिक सुरक्षेसाठीची अर्थसंकल्पीय तरतूद यापुढे निष्पत्तीवर आधारित राहील. प्रत्येक चौकीने दर तिमाहीत गुन्ह्यांमध्ये वीस टक्के घट दाखवावी. घट न दाखवणारी चौकी अनावश्यक समजून बंद करण्यात येईल.'

कल्याणनं गुन्ह्यांच्या रकान्यात शून्य टाकलं. कॉम्प्युटरनं लाल अक्षरात कळवलं की शून्यातून घट शक्य नाही.

त्यानं पत्रावरच्या नंबरला फोन लावला.

"गुन्हेच नाहीत, तर पोलीस कशाला पाहिजे?" तिकडचा साहेब म्हणाला.

"पोलीस हाय म्हनून गुन्हे न्हाईत, साहेब."

"असेल. पण त्याला रकाना नाही."

ग्रामसभा बसली. सरपंच राजेश्वरीताईंनी विषय मांडला, "चौकी ठिवायची आसंल तर गावाला चोऱ्या कराव्या लागत्याल. निदान पाच, म्हंजे फुडच्या खेपंला वीस टक्क्यानं एक कमी दाखवता यील."

टँकरच्या पाण्याला लावतात तशी घरोघर पाळी लावायचं ठरलं. फिर्याद द्यायला सगळे हात वर. आरोपी व्हायला कुणी नाही. अज्ञात इसम लिहावा, असं एकानं सुचवलं. कल्याणनं फॉर्म वाचून दाखवला. गुन्ह्याची उकल झाली नाही तर हवालदारांचेच मार्क कापणार होते.

मागून सहादूआबा उठले. वय अठ्ठ्याहत्तर.

"टाका माझं नाव. मला कुठं पोलीस भरतीला जायाचंय? पन बारीकसारीक चोरनार न्हाई. बैलजोडी लिवा."

"आबा, गावात बैल ऱ्हायलेत का? शेळी हाय, ताईंची," कल्याण म्हणाला.

"बरं. शेळी तर शेळी."

"माजी शेळी गाभन हाय," राजेश्वरीताई म्हणाल्या. "जरा नीट चोरा."

सप्टेंबरअखेर पाच चोऱ्या झाल्या. सगळ्या त्याच दिवशी उघडकीस आल्या. आरोपीनं सगळ्या बिनतक्रार कबूल केल्या. शेळी मुद्देमाल म्हणून चौकीपुढं बांधली, तर तिनं हवालदारांची वांगी खाल्ली. ती सहावी चोरी लिहायची का, यावर थोडी चर्चा झाली.

वरून अभिनंदनाचं पत्र आलं. ही पहिली तिमाही, घट इथून पुढं मोजणार, चौकी कायम. शिवाय करंजमाळ आता संवेदनशील गाव, सबब आठ कॅमेरे मंजूर. पुढच्या तिमाहीचं उद्दिष्ट, पाचातून वीस टक्के वजा, चार.

दिवाळीनंतर सगळे फिर्यादी उसाला जाणार. मग चोऱ्या कुणाच्या लिहायच्या? म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात चारही चोऱ्या आगाऊ उरकून घेतल्या. प्रवीणनं जाताना कल्याणच्या पाठीवर थाप मारली. "भारी काम केलं गड्या. आईची काळजी मिटली."

आता खटले झाले नऊ, नऊंच्या नऊ तारखा, आणि हवालदार एकच. दिवसाआड ते सहादूआबांना घेऊन एसटीनं पाथर्डीला कोर्टात. आबांची तब्येत स्टँडवरच्या वड्यांनी सुधारली. चौकीला कुलूप.

नोव्हेंबरातल्या अशाच एका तारखेला, भर दुपारी, मोटरसायकलवर दोघं आले. भिमाबाईचा तांब्याचा हंडा नेला आणि उजव्या कानातलं फूल ओढलं. आठही कॅमेऱ्यांनी तिकडं तोंड केलेलं होतं, पण लाईट नव्हती.

संध्याकाळी हवालदार परतले तेव्हा भिमाबाई कानाला पदर लावून चौकीच्या पायरीवर बसली होती. हवालदार तिच्याकडं बघेनात.

"मावशे, चार झाल्यात."

"काय चार?"

"या तिमाहीच्या चोऱ्या. पाचवी लिवली तर घट न्हाई. घट न्हाई तर चौकी न्हाई."

"आरं, पन त्या चार तर झाल्याच न्हाईत. ही झालीय."

"त्या कागदावर हायत ना, मावशे."

सहादूआबा शेजारीच उभे होते. "माझ्यातली एक हिला द्या की. माझ्याकडं लई हायत."

कल्याणनं प्रयत्न केला. खोटी चोरी काढून खरी घालायची सोय कॉम्प्युटरमध्ये नव्हती. हवालदारांनी स्वतःच्या खिशातून रिक्षा करून भिमाबाईला टाके घालायला नेलं, आणि दवाखान्यातल्या कागदावर 'पडून लागले' असं लिहायला सांगितलं.

डिसेंबर संपताना पेपरात चार ओळी आल्या. नव्या धोरणाला यश, करंजमाळ परिसरात गुन्ह्यांत वीस टक्के घट. तुम्हीही वाचलं असेल. चहा घेता घेता बरं वाटलं असेल, की चला, सुधारतंय काहीतरी. ते वीस टक्के म्हणजे भिमाबाईचा उजवा कान.

त्याच दिवशी उसाच्या फडावरून प्रवीणचा फोन आला.

"कल्या, आईचे टाके सुकले का?"

"सुकले. भाकरी थापती आता."

"चोरी लिवली का न्हाई?"

कल्याण म्हणाला, "जानेवारीपासनं नवीन तिमाही. तीन पॉइंट दोन चोऱ्यांची हद्द हाय. त्यातली पहिली आईची."

"पॉइंट दोन म्हंजे?"

"ते मी बघतो, कोंबडी धरू."

"आन चोर? त्यो तर घावला न्हाई. मंग उकल कशी दाखवनार? सहादूआबानं माझ्या आईचा कान तोडला, आसं लिवनार व्हय?"

"न्हाई," कल्याण म्हणाला. "आबाला मधी आननार न्हाई. तू ऊस तोड निवांत. एक तारखेला सकाळी चौकी उघडली की मी जाऊन सांगतो, भिमाबाईचा कान मी तोडला. शब्द देतो तुला."