लाल पट्टी, विनंती थांबा

किसनराव कंडक्टर माणसांना कालव्याच्या कोरड्या तळातून पायी फिरवतात आणि घंटी वाजवून फिरवतात. त्यांच्या काठीला सायकलची घंटी बांधलेली आहे. एक ठोका पडला की थांबायचे, दोन पडले की निघायचे. मध्येच कुणी पाऊल उचलले की मागून हाक येते, "ओ सर, चालत्या गाडीतून उतरू नका!" ही हाक ऐकून हिंगोलीचे एक प्राध्यापक खरोखरच एक पाय हवेत धरून उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

शिरड शहापूरच्या शिवारातला हा कालवा जुना, कातळ फोडून खोदलेला. पाण्याची पाळी संपली की त्याच्या उभ्या भिंती उघड्या पडतात. तळाशी काळाशार कातळ, मध्ये कमरेएवढा लाल पट्टा, वर पुन्हा कातळ. जवळ गेले की ओल्या विटेसारखा गंध येतो आणि बोट फिरवले तर टोकाला कुंकवासारखी पूड लागते. एसटीतून निवृत्त झाल्यावर किसनराव पाणी शोधणाऱ्या एका सर्वेक्षकाच्या मागे महिनाभर हिंडले, दगडांची विद्या शिकले आणि लगेच सहल सुरू केली. थांबे त्यांनीच ठरवले: गारगोटी चौक, दगडात बुडबुड्यांची भोके राहिलेला बुडबुडा फाटा, लाल पट्टी. चमकत्या गारगोट्यांवर कुणी टेकले की, "उठा, ते शीट राखीव हाय!" कुणी खडा खिशात टाकला की, "सामान खाली उतरवा, मालक."

मी गावच्या शाळेत मराठी शिकवते. साहजिकच थांब्यांवर लावायच्या फलकांचा मजकूर माझ्याकडे आला. मी तीन रात्री जागून लिहिले, 'अनादि काळाच्या उदरातून उसळलेला हा अग्निरस…' किसनरावांनी कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरला.

"बाई, हे अनादि कोन्त्या फाट्यावर उतरतंय?"

"म्हणजे?"

"लई लांबचा बोर्ड लावलाय तुमी. लोकं गाडीत चढायचीच न्हाईत. लिव्हा. इथं तापलेला रस आला. निवला. दगड झाला."

आयुष्यभर अलंकार शिकवलेल्या मला त्या तीन वाक्यांतून एक अक्षरही काढता आले नाही.

यंदा मात्र बातमी आली की कालव्याला सिमेंटचे अस्तर होणार. पाणी झिरपते, हे खरेच होते. पण अस्तर झाले की सगळे थर त्याच्याआड जाणार आणि किसनरावांची गाडी कायमची डेपोत लागणार. ते पाटबंधारे कचेरीत जाऊन आले. तिथले तरुण इंजिनिअर म्हणाले, "लोक खरंच येत असतील तर दाखवा. मी रविवारी येतो."

रविवारी किसनराव जुन्या खाकी शर्टाला इस्त्री करून हजर. आठवडाभर त्यांनी माझ्यासमोर एकच मागणी घोकली होती: सहल चालते तेवढी, पुलापासून वळणापर्यंत, सव्वाशे पावलांची भिंत उघडी ठेवा. माणसे चौदा जमली. इंजिनिअरांनाही "पुढं सरका, पुढं रिकामंच हाय" ऐकावे लागले आणि ते निमूटपणे सरकलेही.

लाल पट्टीपाशी एक ठोका पडला.

"साहेब, खालचा कातळ म्हंजे पहिली गाडी. वरचा म्हंजे दुसरी. मधी गाडीच न्हाई. नुसतं ऊन, वारा, पाऊस. तेवढ्यात खालच्या दगडाची माती झाली. मग वरून दुसरा रस आला, माती भाजली, लाल झाली."

"मधे किती वर्षं गाडी नव्हती?" इंजिनिअर हसत म्हणाले.

एरवी किसनराव तडक 'हजारो' सांगत. आज ते भिंतीकडे पाहत राहिले.

"ते थांबणाऱ्याला ठावं असतंय, साहेब. कंडक्टरला न्हाई." मग आवाज जरा उतरला. "आमची मंडळी फाट्यावर डबा घेऊन यायची. मी डबा घ्यायचो, घंटी मारायचो, गाडी निघायची. गाडी लेट झाली तर ती किती येळ उभी असंल, मी कधी इचारलंच न्हाई. गेल्या साली गेली ती. आता इचारावं वाटतंय."

भिंतीच्या कपारीतून एक पारवा फडफडत निघाला आणि त्याच्या पंखांची सावली लाल मातीवरून सरकून गेली.

इंजिनिअरांनी नकाशा उलगडला. "मामा, बिनअस्तराचा तुकडा नकाशात दाखवावा लागेल. कुठून कुठवर सोडू?"

किसनरावांनी खिशातून खडू काढला आणि तिथेच, लाल पट्ट्यावर, हातभर अंतराने दोन उभ्या रेघा ओढल्या.

"एक माणूस टेकून उभं राहील, एवढं सोडा."

सव्वाशे पावलांचे हातभर झाले. मी काही बोलणार, तोच इंजिनिअरांनी त्यांच्या हातातून खडू अलगद काढून घेतला. ते पुलापर्यंत चालत गेले, तिथे एक बाण काढला. मग वळणापर्यंत गेले, तिथे दुसरा. परत येऊन म्हणाले,

"आणि बाकीच्यांनी कुठं उभं राहायचं, मामा?"

टाळ्या वाजल्या, फोटो निघाले, माणसे चहाच्या ओढीने कालव्याच्या काठावर चढू लागली. मी वरून मागे वळून पाहिले. किसनराव अजून खालीच होते. दोन रेघांमधली जागा मोकळी ठेवून ते तिच्या शेजारी, भिंतीला पाठ टेकून, उभे राहिले होते.