भेकरमास्तरांचा रिकामा रकाना

एका जंगलात, बाळांनो, एक वाघ होता. दिसायला उग्र, पण गणिताचं त्याला भारी कौतुक. कुणी आकडेमोड सुरू केली की तो मान डोलवायचा. कळायचं काहीच नाही. मान मात्र छान डोलायची. मोठ्या माणसांचंही असंच असतं, पण ते जाऊ दे.

एके दिवशी पाणवठ्यावर त्यानं भेकरमास्तरांना गाठलं. मास्तर म्हणजे एक हडकुळं भेकर, बकरीएवढं हरिण. ते जंगलातल्या पिल्लांना गणित शिकवायचे. कुणी विचारलं नाही तरी शिकवायचे.

"मास्तर, आज तुम्हीच माझं जेवण," वाघ म्हणाला.

मास्तर दोन पावलं मागे सरकले. पण सवय कुठे जाते?

"महाराज, आपल्यातलं अंतर दोन गोष्टींवर अवलंबून आहे. तुमचं पळणं आणि माझं पळणं. दोन्ही एकदम बदललं, तर कशामुळे काय झालं ते कसं कळणार?"

"नाहीच कळणार," वाघानं मान डोलावली.

"म्हणून एका वेळी एकच बदलायचं. बाकी सगळं स्थिर. याला आंशिक विकलन म्हणतात. आधी तुम्ही स्थिर, मी पळतो."

वाघ जागच्या जागी उभा राहिला. मास्तर त्याच्या पाठीमागच्या टेकडीवर पळाले. तिथे सागाच्या पानावर तीन रकाने आखून त्यांनी पहिला भरला.

"आता मी स्थिर, तुम्ही पळा!" ते वरून ओरडले. "पण दिशाही स्थिर हं! तोंड आहे तिकडेच!"

वाघ नाकासमोर सुटला. नाला गेला, करवंदाच्या जाळ्या गेल्या, जंगलसुद्धा संपलं. पठ्ठ्या वळला नाही.

घरी मास्तरीणबाईंना रडूच फुटलं. "सुटलात हो!"

मास्तर पानाकडे बघत बसले होते. दोन रकाने भरलेले, तिसरा रिकामा.

"अगं, दोघंही एकदम पळालो तर काय, हे राहिलंय."

"राहू दे की! जीव वाचलाय ना?"

"जीव वाचला गं, पण तक्ता अपुरा आहे. उद्या पिल्लांना काय दाखवू?"

बाई दारात आडव्या झाल्या. मला तर आत्ताही या मास्तरांचा राग येतो. त्यांनी वानराकरवी निरोप धाडलाच. महाराज, परत या. दिशेची अट काढली आहे.

वाघ आला. दोन दिवसांचा उपाशी होता. दोघंही एकदम पळाले. फार वेळ नाही लागला.

"अंतर शून्य!" मास्तर पंजाखालून म्हणाले. आवाजात केवढं समाधान होतं!

वाघानं मान डोलावली. मग तो जेवला.

तात्पर्य : जीव वाचवायचा असेल तर गणित अर्धवट सोडावं. पूर्ण करायची हौस परीक्षेत भागवावी, तिथे नुसते मार्क जातात.