जाड फायलीचा मान

विद्यापीठाच्या अभिलेखागारात परिसरातल्या नागरिकांच्या फायली ठेवायला जागा उरली नव्हती. त्यातच निम्म्या खोलीत कुलगुरूंचं नवं स्वागतदालन होणार होतं. म्हणून फक्त थोरामोठ्यांच्या फायली जपाव्यात, बाकीच्या रद्दीत द्याव्यात, असा ठराव झाला. थोर कोण, हे ठरवायला समिती नेमली. फायली वाचून ठरवायचं तर समितीची मुदतच संपली असती. तेव्हा जाडी मोजावी, यावर तत्काळ एकमत झालं.

अभिलेखपाल बाई म्हणाल्या, "पण आपल्या गणितज्ञांची फाईल एका पानाची आहे. त्यांनी आयुष्यात कधी काही मागितलंच नाही."

"मग त्यांचा आणि आपला संबंध तो काय?" अध्यक्षांनी विचारलं, आणि गणितज्ञ रद्दीत गेले.

सर्वांत जाड फाईल निघाली वसतिगृहामागच्या शिंप्याची. वसतिगृहाचं गटार तुंबून सांडपाणी दुकानात शिरतं, अशी त्याची तक्रार होती. तो अर्ज करी, विद्यापीठ 'विचाराधीन आहे' असं कळवी, तो स्मरणपत्र धाडी. यात त्याचे केस पिकले.

"इतका प्रदीर्घ वैचारिक संवाद आपण दुसऱ्या कुणाशी केलाय?" अध्यक्ष गहिवरले, आणि शिंप्याचा सत्कार ठरला.

सत्काराला शिंपी बायकोला घेऊन आला. मानपत्र हाती पडताच त्याने हळूच विचारलं, "साहेब, पाण्याचं काय?"

"तुमची फाईल आता ऐतिहासिक ठेवा झाली," अध्यक्ष म्हणाले. " तिच्यातला कागद बांधकाम विभागाकडे नेता येत नाही."

"मग नवा अर्ज देतो."

"ठेव्यात भर घालता येत नाही."

"अहो, गटार तरी साफ करा!" बायको म्हणाली.

"बाई, तीच तर तुमच्या यजमानांची प्रेरणा! तिला हात लावायचा नाही, असा ठराव आहे."

"फेका ते मानपत्र त्याच गटारात," बायको वाटेत म्हणाली. शिंप्याने ते चौकटीत बसवून पाणी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलं. गिऱ्हाइकं विटांवर उभी राहून वाचू लागली. हळूहळू तो स्वतःला 'आम्ही' म्हणू लागला.

एकदा शेजारचा घड्याळवाला गल्लीचा सामायिक अर्ज घेऊन आला. "दादा, तेवढी सही करा."

शिंप्याने भिजलेले पाय वर घेतले. "आमचं नाव आता असल्या कागदावर बरं दिसत नाही."

"आणा इकडे, मी करते," बायको पुढे झाली. "पाण्यात मीही उभी असते."

पण घड्याळवाल्याची नजर चौकटीवर खिळली होती. त्याने कागद मागे ओढला.

"राहू द्या, वहिनी. सगळ्यांनी मिळून एकच अर्ज दिला, तर प्रत्येकाची फाईल जाड कशी व्हायची?"

आता गल्लीत जो तो आपापला अर्ज लिहितो. आमचाही गेला. तुमचा राहिला असेल तर फार वेळ दवडू नका. गटार जुनं आहे, एखाद्या दिवशी आपोआप मोकळं व्हायचं.