तात्यांच्या तळपायाची गुदगुली

तिसगावच्या बाजारात एखाद्या म्हाताऱ्याने चप्पल काढून पाय पुढे केला आणि "जरा गुदगुल्या कर बरं" असे गंभीरपणे सांगितले, तर ते आमचे शेजारी गेनूतात्या, हे खुशाल समजावे. वय सत्तरीच्या पुढे, गळ्यात माळ आणि सदऱ्याच्या खिशात कोंबडीचे पीस. माळकरी माणसाकडे ते कसे, असे कुणी विचारले की तात्या म्हणतात, "खायाला न्हाई, तपासायला हाय."

लोकांची पंचाईत होते. वडीलधाऱ्याच्या पायाला हात लावायचा तो पाया पडायला. म्हणून बरेच जण आधी पाया पडून घेतात आणि मग गुदगुल्या करतात. तात्या डोळे मिटून वाट बघतात. काहीच होत नाही. "झोपल्यात नसा अजून," असा निकाल देऊन चप्पल घालतात आणि मेथीचा भाव विचारायला लागतात.

तात्यांना शुगर जुनी. तळपायांना आधी मुंग्या यायच्या, मग ते बधिरच झाले. पाथर्डीच्या डॉक्टरांनी रक्त तपासले, तेव्हा बी-बारा फारच कमी निघाले. शुगरची वर्षानुवर्षे चालू असलेली गोळी, माळकरी जेवण आणि स्वतः शुगर, अशा सगळ्यांनी मिळून नसांची ही गत केली होती. आधी इंजेक्शने झाली, मग गोळ्या सुरू झाल्या.

गोळ्यांच्या पाकिटावरचे वाचून दाखवण्याचे काम माझे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. कॉलेजात नाव घालायला गेलो, तेव्हा वडील खिडकीपाशी बोलायला बुजत होते. इस्त्रीचा सदरा घालून सोबत आलेले तात्याच पुढे झाले आणि म्हणाले, "पोरगं हुशार हाय, तुमी फकस्त जागा दाखवा." त्यामुळे माझ्या पदवीवर त्यांचा हक्क आहे, असे ते मानतात आणि मीही मानतो.

"पदवीधर, ह्यात बी-एक हाय, बी-सहा हाय, बी-बारा हाय. मधले कुठं गेले?"

"ते लागत नसतील, तात्या."

"लागत न्हाईत कसे? मी काय अर्धवट बरा हुनार हाय का?"

हाच प्रश्न त्यांनी डॉक्टरांनाही विचारला. डॉक्टरांनी शांतपणे सांगितले की जे कमी आहे तेच द्यायचे असते, आणि बी-सहा तर फार झाले तर नसांनाच त्रास देते. तेव्हापासून तात्या बी-सहाकडे गावातल्या भांडखोर माणसाकडे बघावे तसे बघतात. "त्या सहा नंबरवर ध्यान ठेव," असे मला बजावतात.

नसा लवकर जाग्या व्हाव्यात म्हणून मध्यंतरी ते नांगरटीत अनवाणी चालायला लागले. एकदा घरी आले तर फरशीवर टक टक वाजू लागले. तात्या थांबले की आवाज थांबे. त्यांनी मांजराला हाकलले, भांडी हलवून पाहिली, मलाही शोधायला बोलावले. शेवटी मीच त्यांचा पाय उचलला. टाचेत बाभळीचा काटा रुतला होता. डॉक्टर खूप रागावले आणि अनवाणी चालणे कायमचे बंद झाले. गोळी मात्र एकही चुकली नाही.

परवा दुपारी नवीन गोळ्या घेऊन गेलो, तेव्हा न राहवून म्हणालो, "तात्या, आता तोल सावरतोय, काठीने नीट चालता. गुदगुल्या नाही झाल्या तर काय बिघडलं?"

तात्यांनी आत बाजेवर बसलेल्या भामाकाकूंकडे पाहिले. काकूंचे विसरणे वाढले आहे, हे आळीत सगळ्यांना ठाऊक आहे.

"लगीन झाल्यापसनं हिची एक खोडी," तात्या हळू आवाजात म्हणाले. "दुपारचा मी आडवा झालो की जाता जाता तळपायाला बोटं लावायची. मी पाय वढून वरडायचो. आता माझं तोंड ईसरली ती. पन पाय वढून हासलो की वळखायची. तेवढंच ऱ्हायलं हुतं."

तात्या काकूंशेजारी जाऊन बाजेवर आडवे झाले. जरा वेळाने काकूंचा हात सरकत त्यांच्या तळपायावर गेला. तात्यांचे डोळे तिकडेच होते. बोटे फिरताना दिसली तसा त्यांनी पाय ओढला आणि मोठ्याने हसले.

काकूंनी त्यांच्याकडे निरखून पाहिले. मग हात मागे घेतला आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"पाव्हनं, बसा तुमी," त्या म्हणाल्या. "आमचे मालक येत्यालच."

तात्या उठून बसले. माझ्या हातातल्या पाकिटातून त्यांनी गोळी काढली, पाण्याबरोबर गिळली आणि तोंड पुसले.

"येत्याल की," ते म्हणाले. "औषद चालू हाय त्यांचं."