नंदनवनच्या वजनकाट्याचं गूढ

"पूर्व नागपुरात शोधक बुद्धी एकच, आणि ती सध्या तुमच्यापुढे उभी आहे," अशी शालिकराम स्वतःची ओळख करून देत. पाटबंधारे खात्यात असताना त्यांनी साहेबांची हरवलेली छत्री शोधली होती. ती शालिकरामांच्याच घरी सापडली, एवढा तपशील ते गाळत. त्यांचे जुने सहकारी आणि आता बिनपगारी सहायक भैय्याजी यांना तो ठाऊक होता, पण भैय्याजींना कोणी काही विचारतच नसे.

नंदनवनच्या बगीच्यात रोज सकाळी म्हाताऱ्यांचं 'निरोगी मंडळ' जमे. तिथेच प्रेमलताबाईंनी काठी टेकत शालिकरामांना गाठलं.

"भाऊ, रोज चालून राहिली. घरी ज्वारीची भाकर अन् मुगाचं वरण. तरी वजन वाढूनच राहिलं. रामदासपेठेतले डॉक्टर म्हणते, वजन उतरवा, मंग गुडघ्याचं ऑपरेशन करू. मले एकदा आपल्या पायानं रामटेकचा गड चढाचा आहे हो."

त्यांचे डोळे भरून आले. भैय्याजींना फार वाईट वाटलं. शालिकरामांनी मात्र खिशातून भिंग काढलं.

"काटा फितूर आहे," त्यांनी जाहीर केलं.

मंडळाचा वजनकाटा भैय्याजींच्या डोक्यावर देऊन वरात इतवारीच्या बाजारात गेली. एका धान्यवाल्याने त्यावर आधीच तोललेलं तांदळाचं पोतं ठेवलं. काटा चोख निघाला.

"म्हणजे इतवारीही सामील," शालिकराम पुटपुटले.

मग संशय प्रेमलताबाईंच्या सुनेवर गेला. नूपुर वरणात चोरून तूप ओतत असणार! शालिकरामांनी तिच्या घरी बसून वरणाची कसून तपासणी केली, पुन्हा वाढायला लावून केली, आणि शेवटी पट्टा सैल करून वरणाला निर्दोष सोडलं. "काहून करता जी असं?" एवढंच नूपुरने विचारलं. भैय्याजींनी तिची माफी मागितली. ते खातं त्यांच्याकडेच होतं.

दुसऱ्या दिवशी शालिकराम कवळी घरी विसरले. ती डबीत घालून त्यांच्या पत्नी वच्छलाबाई बगीच्यात आल्या आणि थबकल्या.

"दात घरी, अन् तोंड चालून राहिलं? काय खाऊन राहिले जी तुम्ही?"

"सत्कार," शालिकराम भरल्या तोंडाने म्हणाले.

मंडळाची रीतच तशी होती. ज्याचं वजन घटेल त्याला शाल आणि नारळ. त्याने सगळ्यांना संत्रा बर्फी वाटायची. रोज कोणाचं ना कोणाचं थोडं घटेच. बर्फी नाकारणं म्हणजे सत्कारमूर्तीचा अपमान, आणि या वयात अपमान कोण करतं? प्रेमलताबाईही डोळे मिटून मान राखत आल्या होत्या. खुद्द भैय्याजींनी रोज दोन वड्यांचा मान राखला होता.

वच्छलाबाईंनी कपाळावर हात मारला. "एकाचं उतरून राहिलं अन् साऱ्यायच्या अंगावर चढून राहिलं! याले जासूस कायले पाहिजे?"

"हेच मी आता सांगणार होतो," शालिकराम मिशीवरचा चुरा झटकत म्हणाले.

मंडळाचे अध्यक्ष वसंतराव गहिवरले. आजपासून बर्फी बंद, असा ठराव त्यांनी तिथेच मांडला आणि तो एकमताने पास झाला.

"आणि या थोर शोधाबद्दल," ते पुढे म्हणाले, "वच्छलाबाईंचा सत्कार!"

टाळ्या पडल्या. शाल अंगावर आली. उरलेल्या बर्फीचा डबा उघडला. प्रेमलताबाईंचाही हात सवयीने पुढे गेला आणि अर्ध्यावर थांबला.

"घ्या ना बाई. अपमान होते," वसंतराव म्हणाले.

"होऊ द्या," प्रेमलताबाई म्हणाल्या. "तुमचा सारा मान माह्या गुडघ्यात जाऊन बसला आहे." आणि काठी टेकत त्या चालायला लागल्या.

वच्छलाबाईंनी शाल वसंतरावांच्या खांद्यावर टाकली आणि "थांब वं, मी पण येते," म्हणत त्या मागे निघाल्या. शालिकराम डब्यापाशीच उभे राहिले. गुन्ह्याची जागा मोकळी सोडू नये, असं त्यांचं म्हणणं होतं.

भैय्याजींनी हातातली वडी डब्यात परत ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदाच शालिकरामांना न विचारता ते चालू लागले.