तिच्या फर्म्यातला शब्द

त्या दिवशी सकाळीही आम्ही पावावरून भांडलो. ताटलीत दोन पाव असले तरी आमची ही, सुमन, एकच मोडायची. अर्धा मला, अर्धा तिला. तो संपला की मग दुसरा. मी म्हटलं, "अगं, मला माझा अख्खा दे ना." तर म्हणाली, "मग आपण कंपॅनियन कसे?"

चाळीस वर्षं हेच. डोकं उठायचं.

ती विठ्ठलवाडीला एका बाइंडिंगच्या कारखान्यात कागद दुमडायला जायची. छापलेला मोठा कागद दुमडला की सोळा पानं होतात, त्याला फर्मा म्हणतात. एकदा इंग्रजी शब्दांची मुळं सांगणारं पुस्तक आलेलं. ही वाचत बसली आणि फर्मा उलटा दुमडला. मालक ओरडला, "आता घेऊन जा घरी." हिनं खरंच आणला. पुस्तक एवढं जाड, हिच्याकडे सोळा पानं. तेवढ्यावर जन्मभर विद्वान.

"अहो, लॅटिनमध्ये पानिस म्हणजे पाव, कॉम म्हणजे सोबत. सोबत पाव खाणारा तो कंपॅनियन. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, सगळ्यांचा शब्द तिथलाच. तुमची कंपनीपण."

"आमच्या कंपनीत कोण कोणाला बिस्कीट देत नाही."

"आणि आपला पाव पोर्तुगीजांनी आणला, तोही त्याच घरचा."

हे गॅसवाल्याला, हे लेकीच्या सासूला. मी सातवी नापास, मला लॅटिन काय करायचंय? एकदा चिडून विचारलं, "बरं, टेबल कुठून आलं?" शांतपणे म्हणाली, "ते माझ्या फर्म्यात नाही." डॉक्टरनं हृदयाचं काहीतरी लांबलचक नाव सांगितलं, तेव्हाही तेच म्हणाली. मी हसलेलो. हसायला नको होतं.

त्या दुपारी ती गेली. संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाववाला चाचा आला. आता तोही म्हातारा झालाय. "भाभी कुठाय?" मी सांगितलं. त्यानं सायकल स्टँडवर लावली आणि येऊन उंबऱ्यात बसला. सुतकाच्या घरी कोणी पाणी घेत नाही, आणि हा बसला.

"काय चाचा, पैसे राहिले का?"

"तुमची डबल ड्युटी असायची ना, सकाळी घरी नसायचे तुम्ही. तेव्हा भाभी मला इथंच बसवायची. अर्धा पाव द्यायची. एकटीला खायला होत नाही बोलायची."

"आणि ते कंपॅनियनचं?"

"ते पण. प्रत्येक वेळी."

निम्मा महिना मी डबल ड्युटीला असायचो. कधी बोलली नाही.

मी चहा टाकला. दोन पाव घेतले, त्यातला एकच मोडला. नीट अर्धा झाला नाही, ते तिलाच जमायचं. मोठा तुकडा चाचाला दिला.